भाड्यानं न मिळणारं भांडवल

मुंबईहून पुण्यामार्गे येणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची पाइपलाइन आपल्या पाकणीत संपते. सोलापूरचा तेलधंद्याशी संबंध तेवढाच, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. आपल्या भागातली पोरं आखातात वेल्डर, फिटर, इन्स्पेक्टर म्हणून राबतायत. तेल प्रकल्पांच्या खरेदी विभागात मी नोकरी केली आहे. या धंद्यात एक कंपनी दुसरीच्या पुढे निघते ती अशाच माणसांच्या जोरावर, हे माझं ठाम मत आहे. विहीर खोदणारी रिग भाड्यानं मिळते, कर्ज बँक देते, पाइप तर पैसे मोजेल त्याला मिळतो.

राजस्थानातलं बाडमेर बघा. तिथल्या ब्लॉकमधला, म्हणजे तेल शोधायला दिलेल्या पट्ट्यातला, आपला हिस्सा शेलसारख्या बलाढ्य तेल कंपनीनं केर्न या कंपनीला किरकोळ किमतीत विकून टाकला. केर्नचे भूवैज्ञानिक त्याच जमिनीचा अभ्यास करत राहिले आणि २००४ मध्ये मंगला क्षेत्र सापडलं. तेल निघालं तेही मेणचट, साध्या तापमानाला गोठणारं. मग गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची, तेल गरम ठेवत नेणारी पाइपलाइन टाकली. २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. जमीन दोघांसमोर तीच होती. फरक पडला तो ती वाचणाऱ्यांमुळे.

दुसरी गोष्ट वेळेची. बॉम्बे हायसारख्या पश्चिम किनाऱ्यापुढच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रांत पावसाळ्यात समुद्र खवळतो, प्लॅटफॉर्म बसवायचं काम थांबतं. जड वजन उचलणारी बार्ज वेळेत बुक झाली नाही, किंवा कॉम्प्रेसरची ऑर्डर फायलीत अडकली, तर चार आठवड्यांच्या उशिरानं अख्खा हंगाम हातचा जातो. कोणत्या कारखान्यात आपला नंबर कधी लावायचा, हे जाणणारा अनुभवी माणूस तेव्हा सोन्याच्या मोलाचा. तरीही कंत्राट ठरतं ‘एल-वन’वर, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्यावर. एका प्रकल्पात दर कमी करायला अनुभवी इन्स्पेक्टर काढून नवखे आणलेले मी पाहिले. पुढे कितीतरी वेल्ड कापून पुन्हा करावे लागले. त्याचा खर्च दराच्या तक्त्यात कधीच येत नाही.

नुसत्या पैशानं भागत नाही, हे रत्नागिरीतही दिसलं. तिथं नाणारला ठरलेल्या रिफायनरीत तर सौदी अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक या बड्या तेल कंपन्या भागीदार व्हायला तयार होत्या. गावं तयार नव्हती. २०१९ मध्ये नाणारचं भूसंपादन रद्द झालं.

सोलापूरकराला हे समजायला अवघड नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा यंत्रं भंगारात गेली, त्याचं दुःख होतंच. पण जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या जाणत्या मुकादमाच्या, हातातलं कसब पांगलं, ते कुठल्याच लिलावात परत विकत मिळालं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी तेल कंपन्यांनी टेंडरच्या गुणांकनात अनुभवी चमू टिकवण्याला ठळक वजन द्यावं. वेल्डर आणि इन्स्पेक्टर यांच्या पात्रतेची नोंद कंपन्यांनी मिळून एकत्र ठेवावी, म्हणजे प्रकल्प संपला तरी माणूस पुढच्या प्रकल्पावर थेट घेता येईल. आणि या कामाचं प्रशिक्षण सोलापूरच्या आयटीआयमध्येच मिळावं. या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या भागातल्या मंडळींनी आपलं मत खाली जरूर लिहावं.