उदाहरणाला मोरचूद घ्या की

अणू, आयन (इलेक्ट्रॉन कमी-जास्त होऊन भार आलेला अणू) आणि समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू) यांतला फरक सांगणारा तुमचा लेख चांगला आहे. पण त्यात उदाहरण म्हणून आयनाला सोडियम अन् समस्थानिकाला कार्बन-१४ घेतल्यानं पोरांना धागा सापडत नाही. वर कार्बन-१४ किरणोत्सारी असल्यानं समस्थानिक म्हणजे किरणोत्सारीच, असा समज पक्का होतो.

मी तासगावात नववी-दहावीची शिकवणी घेतो. द्राक्षपट्टा असल्यानं मोरचूद (कॉपर सल्फेट) सगळ्यांच्या ओळखीचं, चुन्याबरोबर बोर्डो मिश्रणात, म्हणजे बुरशीवरच्या फवाऱ्यात जातं ते. काचेच्या ग्लासात खडा विरघळवला की पाणी निळंशार. शेजारी मोटरच्या वायरीचा सोललेला तुकडा, लालसर. दोन्हीकडं तांबंच, प्रोटॉन २९. पण तांब्याच्या अणूत इलेक्ट्रॉनही २९ आणि पाण्यातल्या आयनात २७. +२ हा भार काही मिळाल्यामुळं आलेला नाही, दोन इलेक्ट्रॉन गेल्यामुळं आलाय. पोरं नेमकी इथंच प्रोटॉन वाढवून मोकळी होतात! मग ग्लासात लोखंडी खिळा सोडायचा. थोड्या वेळात त्यावर तांबूस थर चढतो, म्हणजे आयनानं लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतले आणि पुन्हा अणू झाला.

समस्थानिकही त्याच वायरीत आहेत. ३४ न्यूट्रॉनवालं तांबं-६३ साधारण ६९ टक्के, बाकी ३६ न्यूट्रॉनवालं तांबं-६५; म्हणून मूलद्रव्यांच्या तक्त्यात तांब्याचं सरासरी अणुवस्तुमान ६३.५५. दोन्ही स्थिर, दोन्ही लाल, दोघांचेही आयन पाण्यात निळेच. वेलीवरच्या केवडा या बुरशीजन्य रोगाला तर ६३ काय नि ६५ काय, सारखंच.

फक्त मोरचूद विषारी आहे, खडा मास्तरांनीच हाताळावा.