घरी सगळं ठीक आहे ना?

रविवारपासून मला नोकऱ्या यायला लागल्या आहेत. मी मागितल्या नव्हत्या. आहे तीच जड जाते, दुसरी घेऊन करू काय? पण बी विंगमधल्या एका सद्गृहस्थांनी भिवंडीच्या कुठल्याशा गोदामातली 'स्टोअर इनचार्ज पाहिजे' ही जाहिरात पाठवली आणि खाली लिहिलं, 'खचून जाऊ नका. आम्ही आहोत.' पाठोपाठ एका विमा एजंटाने 'स्वतःचे बॉस व्हा' अशी हाक दिली. तिसऱ्याने नुसते जोडलेले हात पाठवले, कोणी गेल्यावर पाठवतात ते.

माझा गुन्हा एवढाच की त्या सकाळी मी सोसायटीच्या आवारात माझ्या दोन वर्षांच्या मुलीशी खेळत होतो.

खेळ अगदी साधा आहे. ज्यांच्या घरी या वयाचं मूल आहे त्यांनी जरूर करून बघावा, फक्त आमच्या सोसायटीत येऊन करू नये. एक जुना चार इंची ब्रश, आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाणी आणि एक भिंत. मूल ब्रश बुडवतं, फटकारा मारतं, भिंत तेवढ्यापुरती गडद होते. म्हणजे रंग लागला! एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं, मग पुन्हा श्रीगणेशा. खर्च शून्य, पसारा शून्य, आणि मुख्य म्हणजे हे काम कधीच संपत नाही. बापाने डबा भरायचा आणि मधूनमधून 'अरे बापरे, केवढं मोठ्ठं घर!' म्हणायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगून ठेवलंय की एवढ्या लहान मुलांनी दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल करावी. मूल हालतं तेव्हा त्याच्यामागे बापही हालतो, हे मात्र त्यांनी कुठे लिहिलेलं नाही.

तर आम्ही दोघं घोडबंदर रोडच्या ऑक्टोबरच्या उन्हात कंपाउंड वॉल रंगवत होतो. मी गुडघ्यांवर, बाईसाहेब उभ्या. तेवढ्यात मागे पांढरे बूट येऊन थांबले. आमच्याकडे पांढरे बूट घालून फेऱ्या मारणारे एकच गृहस्थ आहेत. त्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेही. उभं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं आणि आता सोसायटीच्या नशिबी आले.

"काय चाललंय?"

"खेळतोय काका."

"भिंतीला काय लावताय?"

"पाणी."

"कसलं?"

"नळाचं."

"तसं नाही हो. पाण्यात मिसळलंय काय?"

"काही नाही. नुसतं पाणी आहे."

काका कमरेत वाकले, डब्यात करंगळी बुडवली, ती उन्हात धरून पाहिली, मग हुंगली. चाखतात की काय म्हणून मी पुढे झालो, पण ते खिशातला रुमाल काढून बोट पुसू लागले.

"मग रंग कुठाय?"

"रंग नाहीच आहे. आम्ही पाण्याने रंगवतोय."

"म्हणजे रंगवताय."

"खोटं खोटं हो, काका."

"खोटं असो नाहीतर खरं. कंपाउंड वॉलवर रंगकाम काढायचं तर कमिटीची मंजुरी लागते. मागच्या वर्षी पेंट केलीय. वर्गणी भरलीत ना? आठवतंय ना?"

"काका, आत्ता वाळेल ते."

"वाळणारच असेल तर लावता कशाला?"

यावर काय बोलणार? खरं सांगायचं तर एवढा खोल प्रश्न मला अख्ख्या शिक्षणात कोणी विचारला नव्हता. आंघोळ कशाला करता, पुन्हा मळणारच ना, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण सोसायटीत राहायचंय आणि पार्किंगचा माझा अर्ज काकांकडे आहे.

"आणि वाळलं नाही तर?" काका.

"पाणी आहे ते. वाळणारच."

"ठाण्याची हवा आहे ही. माझे हातरुमाल दोन दोन दिवस वाळत नाहीत."

असं म्हणून त्यांनी मोबाईल काढला, घड्याळ लावलं आणि भिंतीसमोर पाय रोवून उभे राहिले. शासकीय तपासणी सुरू झाली. मीही उभा राहिलो, कारण बसून राहणं उद्धट दिसलं असतं. एक ओला डाग आम्ही टक लावून पाहू लागलो. डाग कडेने फिका होत आला, काकांची मान थोडी झुकली, आणि तेवढ्यात मधून हात घालून बाईसाहेबांनी तिथेच ब्रश फिरवला.

"अहो, थांबवा तिला!" काका ओरडले. "ती लावतच राहिली तर टेस्ट कशी व्हायची?"

"काका, दोन वर्षांची आहे ती."

"मग तुम्ही सांगा. बाप आहात ना?"

मी सांगितलं. शांतपणे सांगितलं, खाली बसून, डोळ्यात डोळे घालून, हल्ली सगळे सांगतात तसं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग ब्रश डब्यात गच्च बुडवला आणि काकांच्या उजव्या बुटावर टाचेपासून बोटांपर्यंत एक लांब, सावकाश, अतिशय निगुतीने हात मारला. "आजोबांना लंग," असं वर जाहीरही केलं.

काकांनी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे वाळेल?"

"वाळेल, काका."

इथे संपायला हवं होतं. पण ओल्या बुटामुळे असेल किंवा आजोबा म्हटल्यामुळे, काका एकदम विरघळले. आवाज खाली आला, हात माझ्या खांद्यावर आला.

"एक विचारू? राग नाही ना येणार? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की. का हो?"

"नाही, मिसेस दिसल्या नाहीत."

"झोपल्यात."

"बरं नाही?"

"बरं आहे. रविवार आहे."

"माहेरी नाही ना गेल्या?"

"काका, वर झोपल्यात. पाचव्या मजल्यावर."

"हं. आणि नोकरी?"

"आहे."

"जाता की घरून?"

"तीन दिवस घरून, दोन दिवस जातो."

काकांनी एक एवढा लांब हुंकार दिला की वॉचमनने वळून पाहिलं. मग म्हणाले, "आमचे जावईसुद्धा असेच घरून होते. सहा महिने आम्हाला कळलंच नाही." आणि माझा खांदा दोनदा थोपटून, एका पायाचा ओला ठसा उमटवत निघून गेले.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. दुपारपर्यंत दोन पक्ष पडले होते. एकाच्या मते माझी नोकरी गेली, दुसऱ्याच्या मते बायको. नोकरीवाल्यांनी जाहिराती पाठवल्या. बायकोवाल्यांतर्फे डी विंगच्या मावशी झाकलेलं ताट घेऊन आल्या. दार उघडलं ते नेमकं बायकोनेच. मावशींचा चेहरा पडला. "अगं, तू आहेस?" असं काही म्हणाल्या की बायकोलाच आपण घरात असल्याचं वाईट वाटलं. थालीपिठं मात्र उत्तम होती. जाड, खमंग, मधे भोक पाडून तेल सोडलेली. गैरसमज दूर करायचा तर खाऊन झाल्यावर करू, असं आमचं एकमताने ठरलं.

हसू येतं, पण कुठेतरी डोकं फिरतंच. हीच बायको आठवड्यातले बाकीचे दिवस ऑफिसातून येऊन, चप्पल बदलून, हीच मुलगी घेऊन त्याच भिंतीपाशी उतरते. तिला आजवर कोणी विचारलं का, मिस्टरांची तब्येत कशी आहे? नोकरी शाबूत आहे ना? बाई मुलाशी खेळत असली की ते हवापाण्यासारखं, कोणाच्या नजरेतही भरत नाही. पुरुष खेळताना दिसला की तो एकतर संकटात असतो नाहीतर महात्मा. महात्मा म्हणणारेही आहेत, त्यांनी तर जास्त वात आणलाय. लिफ्टमध्ये एक ताई बायकोला म्हणाल्या, "नशीब काढलंस हो, किती मदत करतात!" मदत? कोणाला? मुलगी काय शेजाऱ्यांची आहे?

मी रजेचं बोलायला लागलो की बायको दुसऱ्या खोलीत जाते, म्हणून इथे बोलतो. 2017 च्या दुरुस्तीने आईची बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. चांगलंच झालं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवस मिळतात. आणि खासगी नोकरीतल्या बापाला? कायद्याने एक दिवसही नाही. कंपनीच्या मर्जीत आलं तर देईल. मला मिळालेली रजा एवढीशी, की बाळाची नाळ पडण्याआधीच मी ऑफिसच्या टेबलाशी परत बसलो होतो. एका मॉलमध्ये मुलीचं डायपर बदलायचं होतं, तर बाळाला आडवं ठेवायची फळी फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात. पुरुषांकडे हात सुकवायची तीन यंत्रं होती. शेवटी जिन्याच्या पायरीवर जॅकेट पसरून बदललं, आणि जाणाऱ्या येणाऱ्यांनी तिथेही कौतुकाने माना डोलावल्या.

प्लेग्रुपचा व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त मम्मींचा. मी विनंती केली तर टीचर गोड हसून म्हणाल्या, "पप्पांना घेतलं की बाकीच्या मम्मीज मोकळं बोलत नाहीत ना." मोकळं काय बोलायचं असतं? 'उद्या पिवळा ड्रेस आणि एक केळं.' हा निरोप बायकोला मीटिंगमध्ये जातो, ती मला पाठवते, आणि पिवळा ड्रेस वाळतोय का ते बघायला मी गॅलरीत जातो.

गुजरातेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. वकिली सोडून त्यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं आणि जन्मभर मुलांत रमले. लोकांचं त्यांच्यावर अतोनात प्रेम. तर या भल्या माणसाला लोकांनी काय म्हणावं? 'मूछाळी मा'. मिशीवाली आई! शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या काकांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

भिंतीचा मार्ग बंद झाल्यावर (सोमवारी नोटीस लागली: 'कंपाउंड वॉलवर पाण्याने अथवा अन्य द्रव्याने रंगकाम करू नये', खाली काकांची सही) आम्ही घरात कणकेकडे वळलो. तुम्हाला ठाऊक आहे का, डब्यातून मिळणारा तो रंगीत प्ले-डो 1956 पासून खेळणं म्हणून विकला जातोय, पण जन्माला आला तो भिंतीवरचा वॉलपेपर पुसायला? अमेरिकेत घरं कोळशावर उबदार ठेवत, भिंती काजळत, आणि हा मऊ गोळा फिरवून काजळी टिपत. पुढे घरात गॅस आला, काजळी गेली, धंदा बसला. मग बालवाडीच्या एका बाईंनी तोच गोळा मुलांच्या हातात दिला. म्हणजे मुलांचा आणि भिंतींचा संबंध माझ्या घरापासून सुरू झालेला नाही, हे काकांना कोणीतरी कळवावं.

घरी तो गोळा पोळीच्या कणकेचा होतो. थोडं जास्त तेल, एका गोळ्यात हळद, एकात बीट किसून पिळलेला रस. मीठ भरपूर घातलं की टिकतो, पण आमच्याकडे अर्धा गोळा पोटात जातो, म्हणून मीठ नाही. त्यामुळे संध्याकाळी तो आंबूस वास मारतो आणि टाकावा लागतो. बाईसाहेब त्याचा साप करतात. साप म्हणजे लांब वळी. चेंडू म्हणजे आखूड वळी. बाबा म्हणजेही वळीच, फक्त ती जमिनीवर आपटून चपटी केलेली. मी सोंडेसकट, पुढ्यात मोदकासकट गणपती केला होता, त्याचा तिने एका मुठीत साप केला. टिपॉयच्या फटींत ती वळकटी अजून वाळून बसलीय, सुरीच्या टोकाने काढावी लागते.

"तुला निदान थालीपीठ तरी मिळालं," बायको म्हणाली. ती सुरीने फटी कोरत होती. "मी दोन वर्षं खेळवतेय, मला कोणी एक पापड आणून दिला नाही. आणि कणीक संपवलीयत तुम्ही दोघांनी. पोळ्या कशाच्या करू, सापाच्या?"

म्हणून मुलीला कडेवर घेऊन वाण्याकडे गेलो. हाताला बीट, शर्टाला हळद, केसांत कणीक. वाण्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फार मायेने विचारलं, "काय साहेब, मॅडम गावाला गेल्या वाटतं?"

सगळं सांगायला घेतलं असतं तर मागची रांग खोळंबली असती.

"हो," मी म्हटलं. "लोकवनचा आटा आहे का? पाच किलो द्या."