उत्तर जुळलं म्हणजे लूप शाबूत राहिला असं नाही

कंपाइलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर, तो वेगवान व्हावा म्हणून कोडमध्ये फेरफारही करतं; त्याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. कंपाइलरच्या चाचण्यांचा विषय निघाला की एक सल्ला हमखास ऐकू येतो: “प्रोग्राम एकदा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून चालवा, एकदा चालू करून. उत्तर तेच आलं की काम झालं. लूप (त्याच सूचना फेरीफेरीने चालवणारा कोडचा भाग) मोठा घ्या, म्हणजे शंका उरणार नाही. फरक दिसलाच तर चूक तुमच्या कोडमध्ये, कंपाइलर चुकत नाही. भीती वाटेल तिथे व्होलाटाइल (या चलाचं प्रत्येक वाचन-लेखन जसंच्या तसं करा, असं कंपाइलरला सांगणारा शब्द) लावा.” हा सल्ला सोपा आहे म्हणून पसरतो, आणि त्यामुळे खरे दोष निसटतात.

आधी उत्तराबद्दल. समजा, लूप प्रत्येक फेरीत एक ओळ छापतो आणि मग ‘क्ष भागिले य’ करतो. क्ष आणि य हे पूर्णांक बदलत नाहीत, म्हणून कंपाइलर तो भागाकार लूपच्या आधीच उरकून ठेवतो. य शून्य नाही तोवर उत्तरात काडीचा फरक नाही. य शून्य असेल तर जावा भाषेत पहिली ओळ छापली जाऊन मगच एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) यायला हवं, इथे ती ओळच गायब होते. आणि लूपची एकही फेरी होणार नसेल, तर सी-मध्येसुद्धा तो भागाकार व्हायलाच नको होता. निर्दोष प्रोग्राम कोसळतो.

याहून गंभीर प्रकार काउंटरचा. अट खरी ठरली तरच लूप एक ग्लोबल (सगळ्या प्रोग्रामला दिसणारा) काउंटर वाढवतो. कंपाइलर तो रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) घेतो आणि लूप संपल्यावर विनाअट मेमरीत परत लिहितो. थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा प्रवाह) एकच असेल तर उत्तर अचूक. पण अट एकदाही खरी ठरली नाही आणि तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने काउंटर वाढवला, तर त्याची वाढ पुसली जाते. मूळ कोडमध्ये नसलेलं लिखाण कंपाइलरने घुसवलेलं असतं. संगणकशास्त्रज्ञ हान्स बोम यांनी २००५ मध्ये हा धोका उदाहरणांसह मांडला. सी आणि सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकांनी असं लिखाण घुसवायला मनाई केली.

म्हणून ताडायचा तो घटनाक्रम. लूपमधून बोलावलं जाणारं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन (सगळ्या फाइली जोडताना होणारं) बंद करा, प्रत्येक कॉल फेरीच्या क्रमांकासह नोंदवा आणि ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू असतानाच्या दोन्ही नोंदी ओळीने जुळवा.

मोठा लूप? चारपट अनरोल केलेल्या (एका फेरीत मूळच्या चार फेऱ्या उरकणाऱ्या) लूपला दहा लाख फेऱ्या दिल्या, तर दहा लाखांना चाराने पूर्ण भाग जातो. उरलेल्या फेऱ्यांसाठीचा तुकडा एकदाही चालत नाही! शून्य, एक, तीन, चार, पाच फेऱ्या आणि मधूनच बाहेर पडणारा ब्रेक यांतून कितीतरी जास्त कळतं. शिवाय ऑप्टिमायझेशन खरंच लागू झालं का, हे कंपाइलरच्या आउटपुटमध्ये पाहायलाच हवं. ते झालंच नसेल तर पास झालेली चाचणी काहीच सांगत नाही.

“कंपाइलर चुकत नाही” याला युटा विद्यापीठातल्या संशोधकांच्या सी-स्मिथ या साधनाने २०११ पर्यंत उत्तर दिलं होतं: यादृच्छिक प्रोग्राम तयार करून ३२५ हून अधिक नवे दोष. अर्थात प्रत्येक फरक दोष नसतो, इतकं मान्य. ज्याची अट स्थिर नाही आणि ज्यात आय-ओ (इनपुट-आउटपुट), व्होलाटाइल किंवा अ‍ॅटॉमिक (थ्रेडमध्ये अखंड पार पडणारं) काही नाही, असा लूप कधीतरी संपेलच हे गृहीत धरायची मुभा सी-११, म्हणजे सी-चं २०११ चं मानक, देतं. तसा रिकामा लूप गायब झाला तर तक्रार करता येणार नाही.

राहिलं व्होलाटाइल. ते लावलं की ज्याची चाचणी घ्यायची तेच ऑप्टिमायझेशन बहुतेकदा अडतं, आणि थ्रेडमधली शर्यत (एकाच वेळी एकाच चलाला हात घालणं) त्याने थांबत नाही. शिवाय २००८ मध्ये एरिक आइड आणि जॉन रेगर या संशोधकांनी १३ सी कंपाइलर तपासले, तेव्हा तेराही व्होलाटाइलच्या बाबतीत कुठे ना कुठे चुकलेले आढळले. त्या चुका पकडण्यासाठी त्यांनी नुसती उत्तरं जुळवली नाहीत. व्होलाटाइल चल किती वेळा वाचला आणि किती वेळा लिहिला गेला, हे त्यांनी मोजलं.