तांबडा कुठला, हिरवा कुठला?

परवाच्या रविवारी नवी पेठेतल्या एका फोटोच्या दुकानात माझा जो पाणउतारा झाला, त्याला माझा कॅमेरा, एक सोलापुरी चादर आणि एक निवृत्त गिरणी कामगार असे तिघे जबाबदार आहेत. चौथा कोण, हेही मला ठाऊक आहे. परंतु लेख माझा असल्यामुळे त्याचे नाव मी शक्य तितके उशिरा घेणार आहे.

गेल्या सहा महिन्यांपासून मला डिजिटल कॅमेऱ्यावर कृष्णधवल छायाचित्रे काढण्याचा नाद लागला आहे. सोलापुरात त्याला कारणही आहे. मार्चपासून इथले ऊन रंगांना असे धुऊन काढते की आकाश निळे असते हे शाळेच्या पुस्तकावर विश्वास ठेवूनच मानावे लागते, तेव्हा उरलेसुरले रंग आपणच काढून टाकलेले काय वाईट, असा माझा हिशेब होता. तळ्यातले सिद्धेश्वराचे मंदिर, गड्ड्याच्या यात्रेतले पांढऱ्या बाराबंदीतले नंदीध्वजधारी, भुईकोट किल्ल्याची तटबंदी असे बारा फोटो निवडून मी छापायला दिले. त्यांतला माझा सर्वांत लाडका फोटो एका दुकानाबाहेर टांगलेल्या चादरीचा होता: हिरव्या जमिनीवर तांबडे मोर.

छापून आलेल्या फोटोंवर शेवाळाची झाक होती. काउंटरवरच्या मुलाला ती दाखवली, तर तो म्हणाला, "एवढं चालतं, सर." रंग नसल्यामुळे दर तरी कमी लागेल का, असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. त्याचे यंत्र रंगीत कागदावरच छापते, काळा-करडा रंगही तिन्ही रंग एकत्र करूनच उमटतो, आणि त्यांतला एक जरा कमी-जास्त झाला की करड्याला हिरवा किंवा जांभळट वास लागतो. म्हणजे रंग नकोत म्हणून मी सहा महिने खपलो आणि शेवटी तिन्ही रंगांचे पैसे मोजून वर एक चौथा फुकट घरी आणला.

हा वाद चालू असताना पासपोर्ट साइज फोटोसाठी थांबलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या गठ्ठ्यातला चादरीचा फोटो न विचारता उचलला. पांढरी टोपी, खिशाला पेन, आणि बोटांच्या पेरांत इतक्या वर्षांनंतरही न गेलेला निळसरपणा.

"मालक, ही चादर का?"

"हो काका. आपली सोलापुरी."

"मग मोर कुठायत?"

"आहेत. जरा लांबून बघा."

काका फोटो हातभर लांब धरून उभे राहिले. मग तो काउंटरला टेकवून ते दारापर्यंत मागे गेले. "हितनं बी न्हाईत," त्यांनी तिथून मोठ्याने कळवले, "रस्त्यावर जाऊन बघू का?" दुकानातल्या आणखी दोघांनी मान वळवली. परत येऊन त्यांनी माझे बोट धरले आणि फोटोवर ठेवले. "तांबडा कुठला आन् हिरवा कुठला, तेवढं दाखवा. मी एकतीस वर्षं मिलच्या डाइंगमध्ये, रंगाच्या खात्यात काढली. सूत लई बघितलंय, पण असलं पोतं बघितलं नाही."

वास्तविक मी इथे गप्प बसायला हवे होते. पण ज्ञान अंगात आले की माणसाला आवरत नाही. मी त्यांना सांगू लागलो की, कॅमेऱ्याच्या आतल्या चकतीवरच्या बारीक ठिपक्यांना मुळात रंग कळतच नाही; किती उजेड पडला एवढेच त्यांना समजते. म्हणून कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर नावाच्या शास्त्रज्ञाने त्या ठिपक्यांवर रंगीत काचांची जाळी बसवण्याची युक्ती काढली, तिचे पेटंट 1976 मध्ये मिळाले. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. बाकीचा रंग कॅमेरा अंदाजाने भरतो. तेव्हा कृष्णधवल हीच कॅमेऱ्याची मूळ दृष्टी आहे, काका!

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मशीन जन्माचं आंधळं. त्या साहेबानं त्याला चष्मा दिला. तुम्ही पैशे मोजून चष्म्यासकट घेतलं, आन् वर बटण दाबून चष्मा काढून ठिवला."

काउंटरवरचा मुलगा हसला. तोवर तो माझ्या बाजूचा नव्हता, पण निदान तटस्थ होता.

"आमच्यात तांबडा कणभर हलका लागला तर मास्तर अख्खा लॉट परत धाडायचा," काका पुढे म्हणाले. "ट्यूबखाली शेड बघायची न्हाई, खिडकीत नेऊन बघायची. आन् तुम्ही मोरच धुऊन टाकले."

अडचण अशी आहे की काकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रंगाचे करडे करताना सर्वसाधारण गणितात हिरव्याला साधारण 59 टक्के, लालला 30 आणि निळ्याला 11 टक्के वजन दिले जाते, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा अधिक उजळ भासतो. चादरीवरचा भडक तांबडा आणि गडद हिरवा या गणितातून नेमके एकाच करड्यावर येऊन उतरले आणि मोर जमिनीत विरघळले. रोल वापरणारे जुने छायाचित्रकार अशा वेळी भिंगापुढे लाल काच लावत. तांबडे उजळते, हिरवे काळवंडते आणि मोर नाचू लागतात. माझ्या कॅमेऱ्याच्या मेनूतही हीच सोय आहे, आणि ती मी हौशी लोकांसाठी असते असे समजून कधी उघडली नव्हती. एवढ्यावरही भागले असते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ कच्ची नोंद, ठेवली असती तर पडद्यावर फोटो काळा-पांढरा दिसूनही आत सगळे रंग शाबूत राहिले असते आणि मोर घरी बसून परत आणता आले असते. परंतु कार्डात जागा वाचावी म्हणून फक्त जेपेगवर, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलवर, काढायचे ठरवणारा तो चौथा इसम मीच. जेपेगमधून गेलेला रंग गड्ड्यात हरवलेल्या चपलेसारखा असतो.

तरीही मला हे बोचते. मोबाइलवर एक फिल्टर दाबून भाचा चहाच्या कपाचा काळा-पांढरा फोटो टाकतो, तर सगळे नातेवाईक "काय क्लासिक!" म्हणतात, मी कॅमेरा गळ्यात घालून उन्हात तीन तास उभा राहतो, तर आमची आत्या विचारते, "एवढा महाग घेतलास आणि रंग येत नाही होय रे?" वडिलांचा फोटो काढला तर त्यांनी स्वतःच तो भिंतीवर लावू दिला नाही, अजून वेळ आहे म्हणाले. वास्तविक आता श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचे दिवंगतसुद्धा गुलाबी गालांचे असतात. काळा-पांढरा म्हणून उरलो आहे तो बहुधा मीच.

शेवटचा उपाय म्हणून मी काकांना सांगितले की, लायका कंपनीने 2012 मध्ये रंगांची ती जाळीच काढून टाकलेला, फक्त कृष्णधवल फोटो काढणारा कॅमेरा बाजारात आणला.

"मग स्वस्त आसंल."

"नाही काका. लाखांत आहे."

यावर काकांना जे हसू सुटले ते काही केल्या थांबेना. त्याच वेळी आतून त्यांचा नंबर पुकारला गेला. "काका, तोंड मिटा" असे मुलगा चार वेळा म्हणाला, आणि नंतर काउंटरवर आलेल्या आठही प्रतींत काका दात दाखवून, भरपूर रंगात हसत होते. त्यांच्यावर शेवाळाची झाक नव्हती.

मंगळवारी मी रॉ चालू करून, मेनूतला लाल फिल्टर निवडून पुन्हा त्या चादरीच्या दुकानासमोर उभा राहिलो. दोरीवर ती चादर नव्हती.

"मोराची काल गेली," दुकानदार म्हणाला. "निळी-पांढरी हाये. तुमच्या कॅमेऱ्यात ती नीट येती, आसं डाइंगवाले काका सांगून गेलेत."