‘रक्तातलं विष’ आणि तीन-इन-वन ट्यूब: खाजेच्या त्या मेसेजचा समाचार

पावसाळा लागला की हा मेसेज दरवर्षी नव्याने उगवतो. “महिनोन्महिने खाज, पुरळ, चट्टे? डॉक्टर सांगणार नाहीत!” अशी आरोळी आणि खाली पाच कलमं. खाज म्हणजे रक्तात विष, लिव्हर साफ करा. दोनशे पदार्थांची ॲलर्जी टेस्ट घरबसल्या करून घ्या आणि रिपोर्टात लाल आलेलं सगळं बंद करा. तोवर केमिस्टकडून ‘फंगस, बॅक्टेरिया, खाज’ तिन्हींवर चालणारी ट्यूब आणा. लिंबू-लसूण चोळून उन्हात बसा. एकवीस दिवसांत रोग मुळासकट जाईल. एरवी असले मेसेज वाचून सोडून देतो. पण आमच्या आत्याने यावरून मासे, अंडी, दूध, शेंगदाणे सोडले आणि वर ती ट्यूबही आणून ठेवली. म्हणून हा खटाटोप.

आधी ट्यूबच घेऊ. बाकीच्या कलमांत पैसे जातात, हिच्यात रोगाचा पुरावाच पुसला जातो.

खोक्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा. बहुतेक वेळा क्लोबेटासॉल ०.०५ टक्के किंवा बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड, जोडीला एक बुरशीविरोधी औषध आणि एक-दोन अँटिबायोटिक. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत जहाल गटातलं. आता मुंबईत जांघेत, कमरेवर, काखेत, स्तनांखाली महिनोन्महिने खाजणारे चट्टे बघितले तर त्यातले पुष्कळसे निघतात गजकर्णाचे, म्हणजे बुरशीचे. गजकर्णात जी खाज सुटते ती बुरशीला हुसकावायला निघालेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे. स्टिरॉइड त्या प्रतिकारशक्तीला झोपवतं. दोन दिवसांत खाज गायब, लाली कमी, माणूस खूश. बुरशीला मात्र रान मोकळं. ट्यूब थांबवली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, आणि माणूस काय समजतो? औषध लागू पडलं होतं, रोगच चिवट आहे. परत ट्यूब.

यात सर्वांत वाईट गोष्ट अशी की चट्ट्याचं रूपच बदलतं. ताज्या गजकर्णाची कड उचललेली, लालसर आणि खवलेदार असते, मधला भाग साफ. कडेवरून बोट फिरवलं तर खरखर लागते. दोन-तीन ट्यूबा संपल्यावर ही कड पुसट होते, गोलात गोल दिसायला लागतात, चट्टा जांघेतून नितंबावर आणि पोटावर चढतो. मग मुरलेल्या त्वचारोगतज्ज्ञालाही नुसतं बघून ठाम सांगणं अवघड होतं. शिवाय जांघेतली त्वचा पातळ. तिथे जहाल स्टिरॉइड महिनोन्महिने लावलं की पांढरट-जांभळे ताणाचे व्रण उमटतात, आणि ते जन्मभर जात नाहीत. चेहऱ्यावर लावणाऱ्यांच्या वाट्याला लाली, मुरुमं आणि लव येते. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर कितीजण चिठ्ठी मागतात ते नाक्यावर जाऊन बघा.

आणि बुरशीही आता पूर्वीची राहिलेली नाही. आपल्याकडे फोफावलेल्या प्रकाराला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही. त्यामुळे ‘शेजाऱ्याला आठ दिवसांत बरं वाटलं’ याला काही अर्थ नाही. डॉक्टर पोटातून गोळ्या देतात त्या साधारण चार ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि कातडी साफ दिसल्यावरही दोनेक आठवडे चालू ठेवायचं. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी. टॉवेल वेगळा. पावसात भिजलेली जीन्स पंख्याखाली अर्धवट वाळवून दुसऱ्या दिवशी तीच घालून विरारची लोकल पकडायची, हे बंद. आणि कमरेचा करदोडा. औषध सगळीकडे लावतात आणि ओला काळा दोरा तसाच ठेवतात. नेमकी त्याच्याखालीच बुरशी तग धरते. काढता येत नसेल तर निदान बदला आणि खालची जागा कोरडी करा.

बुरशी आहे की नाही हे ठरवायची तपासणी अगदी साधी आहे. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचेच्या पट्टीवर घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. कातडीच्या पेशी विरघळतात, तंतू उरतात. केईएम, सायन, नायर अशा मोठ्या रुग्णालयांच्या स्किन ओपीडीत याला कुणी नवलाची गोष्ट समजत नाही. मात्र आठवडाभर आधीपासून बुरशीविरोधी मलम लावत असाल तर तंतू सापडतीलच असं नाही आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. तसं असेल तर आधीच सांगा.

ट्यूबच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल: स्टिरॉइड मुळात वाईट नाही. इसब किंवा स्पर्शाच्या ॲलर्जीत योग्य ताकदीचं स्टिरॉइड, मोजके दिवस, हाच योग्य उपचार. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पण आधी बुरशी नाही हे कळलं पाहिजे. तेच तर मेसेज कळू देत नाही.

आता दोनशे पदार्थांची टेस्ट. हे मेसेजमधलं सर्वांत हास्यास्पद कलम, आणि महागडं. अशा पॅकेजांत बऱ्याचदा आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) पातळी मोजतात. ती कशामुळे वाढते? तो पदार्थ खाल्ल्यामुळे. इतकंच. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ साली कार्यगट बसवून स्पष्ट लिहिलं की अन्नाविरुद्धच्या आयजीजी-४ (आयजीजीचाच एक प्रकार) चाचण्या अन्नाची ॲलर्जी किंवा असह्यता ओळखण्यासाठी वापरू नयेत; ती शरीराला त्या अन्नाची ओळख असल्याची खूण आहे. एवढ्यावर हे कलम संपतं. रोज भात, वरण, दूध, मासे खाणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात भात, वरण, दूध, मासे लाल येणार, यात शोध कसला?

आयजीई ही खरी ॲलर्जीची प्रतिपिंडं, पण तिथेही नुसता आकडा पुरत नाही. आपल्याकडे घरोघरी धुळीतले किडे आणि झुरळं. त्यांच्या अंगातलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कोळंबीतल्या प्रथिनासारखंच असतं. त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रिपोर्टात कोळंबी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते आणि तो ती वर्षानुवर्षं मजेत खात असतो. अन्नाची खरी ॲलर्जी बहुधा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते: गांधी (अंगावर उठणारे खाजरे फुगवटे), ओठ-पापण्यांना सूज, उलट्या, धाप. तीन महिने जांघेत टिकून असलेला गोल चट्टा बोंबलाने येत नाही.

माशांबद्दल अर्धसत्य आहे ते असं. बर्फाशिवाय ठेवलेल्या बांगड्यात किंवा ट्यूनात जंतूंमुळे हिस्टामिन तयार होतं, आणि शिजवून ते नष्ट होत नाही. असा मासा खाल्ला तर तासाभरात चेहरा लाल, डोकं ठणकणं, अंगावर लाली, असं ॲलर्जी नसलेल्यालाही होतं आणि बहुधा दिवसभरात ओसरतं. तो दोष शिळ्या मालाचा. आत्याला सांगितलंय, सुरमई ताजी बघून आण आणि खा.

अंगावर पित्त उठतं, म्हणजे गांधी येतात, त्यांच्यासाठी रक्त काढण्याआधी बॉलपेन काढा. एका गांधीभोवती रेघ मारा, वेळ लिहा, फोटो काढा. चोवीस तासांच्या आत ती गांध तिथून गेली आणि दुसरीकडे नवी आली, तर ते पित्तच. चोवीस तासांनंतरही जागची हलली नाही, दुखते, किंवा मागे काळसर डाग ठेवून गेली, तर गोष्ट वेगळी. त्वचेचा तुकडा तपासावा लागू शकतो. सहा आठवड्यांवर चाललेल्या पित्तात बहुतेक वेळा बाहेरचं एकही कारण सापडत नाही, शरीराचीच गडबड असते. त्यावर झोप न आणणारी अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, रोज घ्यायची, खाज सुटली की नव्हे. गरज पडली तर डॉक्टर तिचा डोस चौपटीपर्यंत नेतात.

‘रक्तात विष’ या कलमातही कणभर सत्य आहे, नाइलाजाने कबूल. पित्तनलिकेत अडथळा, मूत्रपिंडाचा जुना आजार, थायरॉइड, लोहाची कमतरता, क्वचित लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), यांत अंगभर खाज सुटते. पण तिथे आधी खाज आणि मग ओरखडे. मूळचं पुरळ नसतं. पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही, तिथली कातडी साफ असेल तर समजावं की बाकीच्या खुणा नखांच्या. अशा वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), शुगर, फेरिटिन (लोहाचा साठा) एवढं तपासून घ्या. ‘लिव्हर साफ’ करणाऱ्या काढ्याने यातलं काहीच कळत नाही. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपाय रात्री खाजायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. त्यात बाळाला धोका असू शकतो.

मेसेजमध्ये नसलेली दोन कारणं मात्र मुंबईत पावलोपावली भेटतात.

पहिलं खरूज. खाज रात्री अंथरुणात वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, गुप्तांगावर बारीक फोड, आणि घरात दुसरं कुणीतरी खाजवत असतं. खोलीत सहाजण झोपतात आणि औषध एकजण लावतो, म्हणून ती जात नाही. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखालीही, सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, आठ ते चौदा तासांनी धुवायचं, आठवड्याने परत. लहान बाळांना आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारून. चादरी-कपडे गरम पाण्यात. धुता न येणारं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवायचं.

दुसरं, अंगाला लागणाऱ्या वस्तू. बेंबीखाली नाण्याएवढा चट्टा असेल तर जीन्सचं बटण बघा, कानाच्या पाळीला असेल तर खोटे दागिने, म्हणजे निकेल. कपाळ, मान, कानामागे असेल तर केसांचा काळा रंग, त्यातलं पीपीडी नावाचं रसायन. पावलांच्या वरच्या बाजूला पट्ट्यांच्या आकारात असेल तर चप्पल. याची तपासणी म्हणजे पॅच टेस्ट: पाठीवर ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या छोट्या वाट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, घामानेही नाही. म्हणून मे महिन्यात ही टेस्ट करू नका. अँटिहिस्टामिन चालते, स्टिरॉइडच्या गोळ्या चालत नाहीत, पाठीवर आठवडाभर आधी कुठलंही स्टिरॉइड मलम नको.

लिंबू चोळून उन्हात बसण्याबद्दल एवढंच: लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. लसूण तर उन्हाशिवायही भाजतो.

राहिले एकवीस दिवस. खरजेचे किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, गजकर्णाला दोन महिने लागतात, जुनं पित्त काही वर्षंही चालतं. एकवीस हा आकडा कशालाच लागू नाही. मात्र काही वेळा एकवीस तासही थांबायचं नसतं: नवं औषध सुरू केल्यावर पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी सोलणं, किंवा गांधींसोबत ओठ-जिभेला सूज आणि धाप. अशा वेळी संशयित गोळी बंद करून तिची पट्टी खिशात टाकायची आणि ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची.