रिमोटचा सेल आणि केळ्याचा सल्ला

"कार मालकांनो सावधान!" या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या गोव्यातल्या गटागटांत फिरतो आहे. मी फोंड्यात ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो, त्यामुळे गिऱ्हाइकं तो मला दाखवतच होती. परवा तोच मेसेज साखळीहून माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला. खाली तिचा प्रश्न होता: "दादा, काढलेला जुना सेल मी शोकेसमध्ये ठेवलाय. यात लिहिलंय की त्याने काही होत नाही. खरं ना?" तिच्या घरात दोन वर्षांचंही न झालेलं पोर आहे. हाताला लागेल ते तोंडात घालण्याचं त्याचं वय. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत. एक, कारच्या रिमोटचा सेल घरी बदलला की चावीचं कोडिंग उडतं आणि शोरूमला हजारो रुपये मोजावे लागतात. दोन, जुना सेल काढल्यावर 30 सेकंदांत नवा बसवला नाही तर मेमरी पुसली जाते. तीन, चावी टीव्हीजवळ ठेवली तर "रेडिएशन"ने सेल मरतो. चार, संपलेला सेल तव्यावर गरम केला की आणखी सहा महिने चालतो. पाच, संपलेल्या सेलमध्ये काहीच उरलेलं नसतं. मुलाने गिळला तरी केळं भरवा, नाण्यासारखा सकाळी पडून जाईल. सहा, नंबर 20 ने सुरू होणारा कुठलाही सेल चालतो.

पाचवा मुद्दा आधी घेतो. बाकीच्यांनी बहुतेक पैसे जातील. याने मूल जाईल.

रिमोट चालेनासा झाला म्हणजे सेल रिकामा झाला, हेच मुळात चूक. बटण दाबताच रिमोटला एकदम जो करंट लागतो, तेवढा देण्याची ताकद सेलमध्ये राहिलेली नसते, इतकंच. चाव्यांतून काढलेले असे सेल मी मल्टिमीटरला लावतो तेव्हा बहुतेकांवर अडीच व्होल्टच्या वर आकडा दिसतो. नवा सेल 3 व्होल्टचा असतो. म्हणजे "मेलेला" म्हणून शोकेसमध्ये ठेवलेल्या सेलमध्ये ओलं मांस जाळण्याइतका जीव शिल्लक आहे.

सेल फुटून आतलं ॲसिड बाहेर येतं आणि त्याने इजा होते, असं पुष्कळांना वाटतं. सेल फुटावा लागतच नाही. घशाखाली अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून त्याच्या दोन्ही बाजू जोडल्या जातात, करंट वाहू लागतो आणि उणे बाजूला, म्हणजे जी बाजू थोडी अरुंद असते तिथे, कॉस्टिक सोड्याच्या जातीचा तीव्र क्षार तयार होतो. तो मांस विरघळवत आत शिरतो. बऱ्याच रिमोटमध्ये असणाऱ्या सीआर 2032 या सेलच्या नंबरातला 20 म्हणजे 20 मिलिमीटर व्यास आणि 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकून बसेल असं हे माप आहे. नाणंही अडकतं, पण नाणं स्वतः करंट तयार करत नाही. "नाण्यासारखा" हा शब्द लिहिणाऱ्याने हा फरक एकदा तरी कुणाला विचारायला हवा होता.

हे माझं मत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं "पीडियाट्रिक्स" नावाचं नियतकालिक आहे. त्यात 2010 साली बटण सेल, म्हणजे असेच चपटे गोल सेल, गिळण्याच्या हजारो नोंदी तपासून लिहिलेला लेख आला. त्यानुसार 1985 ते 2009 या काळात अशा घटनांमध्ये गंभीर इजा किंवा मृत्यू होण्याचं प्रमाण 6.7 पट वाढलं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं हाच 20 मिलिमीटरचा लिथियम सेल. अवघ्या दोन ते अडीच तासांत कायमची इजा झालेली मुलं त्या नोंदींत आहेत. जी मुलं दगावली त्यांच्यापैकी 92 टक्क्यांना सेल गिळताना कुणी पाहिलंच नव्हतं, आणि निम्म्याहून अधिकांचं निदान सुरुवातीला चुकलं. चुकणारच. लाळ गळते, पोर जेवत नाही, खोकतं, कधी ताप येतो. घरच्यांना वाटतं सर्दी झाली. आणि हा मेसेज सांगतो, सकाळपर्यंत थांबा.

ज्यांना छापलेलं पटत नाही त्यांनी चिकनचा एक ओला तुकडा घ्यावा आणि रिमोटमधून काढलेला जुना सेल त्यावर उणे बाजू खाली करून ठेवावा. मी वर्कशॉपातल्या बाकावर हे करून हाताखालच्या कारागिरांना दाखवलं आहे. थोड्याच वेळात सेलच्या कडेने बारीक फेस येऊ लागतो. पुढे खालचं मांस बुळबुळीत होतं, मग तपकिरी, आणि दोनेक तासांनी सेल उचलला की खाली काळा गोल खड्डा दिसतो. हे सगळं "काही न उरलेल्या" सेलने केलेलं असतं. तुकडा नंतर फेकून द्या, आणि हे करताना मुलांना लांब ठेवा.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी केळं नको, भाकरी नको, उलटी करवणं तर मुळीच नको. 108 ला फोन करा, किंवा गाडी काढा आणि एक्स-रे असलेलं जवळचं मोठं इस्पितळ गाठा: बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल ते. दारातच सांगा, "सेल असू शकतो." एक्स-रेमध्ये नाण्याची कड एकेरी दिसते, सेलची दुहेरी वर्तुळासारखी. हे शब्द कानावर पडले की डॉक्टर तेच आधी शोधतील. अमेरिकेच्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरची मार्गदर्शक सूचना आणखी एक गोष्ट सांगते: मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळता येत असेल आणि सेल गेल्याला 12 तास झाले नसतील, तर वाटेत दर 10 मिनिटांनी 2 छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने जळण्याचा वेग कमी होतो, सेल निघत नाही. अन्ननलिकेत अडकलेला सेल इस्पितळातच दुर्बिणीने काढावा लागतो. म्हणून मध शोधण्यात वेळ घालवू नका. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी तशीच घाई करा, थेंब टाकू नका.

आता बाकीचे मुद्दे.

तव्याचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. हा सेल चार्ज होणाऱ्या जातीचा नाही, आणि तापवलेला लिथियम सेल फुटून तोंडावर उडू शकतो. तवा, फ्रीज, मोबाईलचा चार्जर, यातलं काहीही त्यावर करू नका.

टीव्हीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मला मान्य करावंच लागतं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची स्मार्ट चावी गाडीच्या लहरी सतत ऐकत असते. टोयोटाचं मॅन्युअलच सांगतं की ही चावी टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईलचे चार्जर, इंडक्शन शेगडी यांच्यापासून मीटरभर लांब ठेवावी, नाहीतर सेल लवकर उतरतो. पण साध्या, बटण दाबल्यावरच जागा होणाऱ्या रिमोटला याने काही फरक पडत नाही. "रेडिएशन" वगैरे भीती घालायचं तर कारणच नाही.

सहावा मुद्दा चूक आहे. 2032 च्या जागी 2025 घातला तर तो 0.7 मिलिमीटरने पातळ पडतो, आतल्या धातूच्या पत्तीला नीट टेकत नाही आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. उलट केलं तर कव्हर बसत नाही, आणि जोर केला की पत्ती वाकते. काढलेल्या सेलवर जो नंबर कोरलेला असेल तोच आणा.

राहिले पहिले दोन. चावीचा कोड ज्या मेमरीत असतो ती वीज नसतानाही टिकते. सेल काढून रिमोट आठवडाभर टेबलावर पडला तरी कोड जागेवर असतो. 30 सेकंद कुणी आणि कुठून काढले कळत नाही. गाडी सुरू करणारी चिप तर वेगळीच. ती सेलवर चालत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. म्हणून सेल पूर्ण उतरला तरी चावीने दार उघडून गाडी सुरू करता येते, आणि बटणवाल्या बहुतेक गाड्यांत स्टार्ट बटणाला रिमोट टेकवून. ही सोय माहीत नसल्याने रात्री-अपरात्री टोइंगला फोन करणारी माणसं मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. काही जुन्या मॉडेलना सेल बदलल्यावर रिमोट गाडीशी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हे खरं. त्याची कृती मॅन्युअलमध्ये असते आणि ती घरच्या घरी होते. शोरूमची गरज नवी चावी करताना लागते.

मग नवा सेल घालूनही रिमोट चालत नाही तेव्हा काय झालेलं असतं? माझ्याकडे येणाऱ्या चाव्यांत बहुतेक वेळा पत्त्या खराब झालेल्या असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चावी ओल्या खिशात राहते, समुद्राकडच्या गावांत तर हवाच खारट, आणि पत्तीवर हिरवट थर चढतो. कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा. दुसरं कारण, मुलांनी तोंडात घातला तर थुंकावा म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात, तो लेप कधीकधी पत्तीच्या आड येतो. तोही पुसून काढता येतो. आणि सेल उलटा तर बसवला नाही ना, ते पाहा. अधिक चिन्ह कुठल्या बाजूला हवं हे आतल्या प्लास्टिकवर बहुधा लिहिलेलं असतं.

बदलण्याचं काम असं: बाजूचा खटका दाबून लोखंडी चावी ओढून काढा, त्या जागी दिसणाऱ्या खाचेत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून हलकेच पिळा, कव्हर उघडेल. सेल नखाने काढा, धातूच्या टोकाने उचकटू नका. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा नेणाऱ्याला देईपर्यंत उंचावर, झाकणाच्या डब्यात ठेवा. बहिणीला हेच सांगितलं आहे. नवा सेल पाकिटातून काढतानाही मूल जवळ नको.

हा मेसेज ज्या गटात आला असेल त्या गटात उत्तर टाकाच. सगळं टाकायला वेळ नसेल तर कोडिंगचं राहू द्या, टीव्हीचं राहू द्या. केळ्याचं आणि दोन तासांचं तेवढं आजच टाका.