फुल फ्रेम घेताय?

फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्याची किंमत फसवी असते. दुकानदार सांगतो ती लेन्सशिवाय नुसत्या बॉडीची, म्हणजे नवरदेवाची. वऱ्हाड मागून येतं, आणि मानपान घेतल्याशिवाय हलत नाही.

पहिला रुसवा जुन्या लेन्सचा. निकॉनचा क्रॉप, म्हणजे छोटा, सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी, फुल फ्रेम ३६ × २४. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स मोठ्यावर लावली की कॅमेरा तिची पायरी ओळखतो आणि गुपचूप क्रॉप मोडमध्ये जातो, म्हणजे सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतो. पैसे मोजले २४ मेगापिक्सेलचे, पदरात पडले जेमतेम १०. कॅननची छोट्या सेन्सरसाठीची ईएफ-एस लेन्स तर त्यांच्याच फुल फ्रेम डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसतच नाही. मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्याकडे वळलात तर जुनी लेन्स जोडायला ॲडॉप्टर आला. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात झोकात, पण फोकस आपणच फिरवायचा.

मग २४-७० एफ २.८ ही नवी झूम लेन्स घरात येते. तिचं तोंड ७७ किंवा ८२ मिमीचं, तुमचे फिल्टर ५२चे. ते गेले बाद. नवा फिल्टर ८२चाच घ्यावा आणि लहान लेन्सना मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग लावावी.

४५ मेगापिक्सेलची एक रॉ (सेन्सरवरची कच्ची) फाइल ५० एमबीच्या आसपास. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला एकेक फोटो मोजून कोण काढतो? सेकंदाला १० फोटोंचा सपाटा लावला की अर्धा जीबी उडाला. कार्ड जुनं, संथ असेल तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो. बाप्पा पाण्यात जातात आणि कॅमेरा दिवा लुकलुकवत ध्यानस्थ. जलद कार्ड घेतलं की त्याचा रीडर बऱ्याचदा वेगळा. त्यातून फोटो सुधारायचं घरचं जुनं सॉफ्टवेअर, लाइटरूम, नव्या कॅमेऱ्याची रॉ ओळखत नाही. तिथे रॉ फाइल त्याला कळेल अशा रूपात बदलणारा ॲडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर उपयोगी पडतो. या सगळ्या प्रकरणात फुकट एवढंच.

मुंबईचा पावसाळा हा खरा व्याही. लेन्स कातडी बॅगेत घालून कपाटात ठेवली की आत बुरशीची जाळी धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक); काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा पिऊन तट्ट झाले, पुन्हा तापवून वाळवावेत. एसी टॅक्सीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढू नये, काचेवर दव धरतं. झिपच्या पिशवीत बाहेरच्या हवेला येऊ द्यावा, मग उघडावा.

सेन्सरवरची धूळ एरवी दिसत नाही. लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ १६ला, कोरं आभाळ टिपा, काळे ठिपके मोजा. रबरी ब्लोअर वापरा; तोंडाने फुंकर मारलीत तर नुकत्याच खाल्लेल्या वडापावची चटणी ३६ × २४मध्ये कायमची वस्तीला येईल.

मुंबईच्या बोरा बझारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत, ‘बिलाशिवाय कमी पडेल’ हे वाक्य गोड लागतं. वाचतो तो १८ टक्के जीएसटी, आणि बहुधा भारतातली वॉरंटीही जाते. बिलावरचा सिरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी तिथेच ताडून बघा, दुकानदार कितीही घाईत असो.

राहिली बॅटरी. मिररलेस ती भराभर खातो, तेव्हा दुसरी घ्याच. फक्त ती आहे हे साखरपुड्याचे फोटो फुकट काढून मागणाऱ्या आत्याला कळू देऊ नका.